ब्रेक नसलेल्या गाडीवरची दहा वर्षं : जेसन क्रम्प आणि एका आईचा प्रश्न

ताई, तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, १२५ सीसीच्या ज्युनियर गाडीवर दोन हंगाम झालेत आणि त्याच्या खोलीत ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रम्पचं पोस्टर आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही विचारलंय की स्पीडवेला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींना, करिअर म्हणता येतं का, की हा नुसता नाद आहे. आणि मुलाच्या बाबांचा प्रश्न असा की, हा क्रम्प तीनदाच जगज्जेता झाला, पाच वेळा दुसरा आला, मग त्याला एवढा मोठा का म्हणायचं?

मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. क्रम्पची कारकीर्द नीट समजली की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर हात बसला, आणि गेली एकोणीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मशिनिस्टचं काम करतो. शनिवार-रविवार पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, असतो. स्पीडवेची इंजिनं उघडतो, बसवतो, मुलांना टेपपाशी, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर ताणलेल्या फितीपाशी, सोडून येतो; ती वर उडाली की शर्यत सुटते. शर्यतीत मी कधी उतरलो नाही, पण हरून परत आलेल्या मुलाच्या हातातून गाडी घेण्याचं काम शेकडो वेळा केलंय. त्या अनुभवावरून लिहितो.

मुलाचे बाबा बहुधा 'ब्रेक नाहीत' या एका गोष्टीवर अडले असतील, म्हणून तिथून सुरुवात करतो. स्पीडवेच्या गाडीला ५०० सीसीचं एकच सिलिंडर, इंधन मिथेनॉल, क्लच आहे पण शर्यतीत बदलायला गिअर नाहीत, आणि ब्रेक खरंच नाहीत. चार स्वार, लंबगोल मातीच्या ट्रॅकचे चार फेरे, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावीकडे. अशी एक शर्यत, म्हणजे हीट, साधारण मिनिटभरात संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. ब्रेक नसण्यामागे कारण आहे. चौघं एकमेकांपासून हातभर अंतरावर असताना पुढच्याने ब्रेक दाबला तर मागचे तिघे त्याच्यावर जातील. वेग कमी करायचा तो गाडी आडवी करून. मागचं चाक मातीवर सरकवायचं, पुढचं चाक उजवीकडे वळवायचं, डाव्या बुटाला लावलेला पोलादी तळ जमिनीवर टेकवायचा आणि थ्रॉटलने गाडी वळवायची. हँडलपेक्षा उजवं मनगट जास्त काम करतं.

नवख्यांच्या हे सगळ्यात उशिरा अंगवळणी पडतं. वळणात भीती वाटली की माणूस आपोआप थ्रॉटल सोडतो. पण सरकणारं मागचं चाक थ्रॉटल सोडताच एकदम पकड घेतं आणि गाडी स्वाराला उजवीकडे, बाहेर फेकते. म्हणजे घाबरल्यावर जे करावंसं वाटतं, नेमकं तेच करायचं नाही. तालमीत नवा पोरगा पाठीवर पडायला घाबरतो, तेव्हा वस्ताद त्याला आधी शंभरदा पडायलाच शिकवतात. इथेही तसंच आहे.

आता क्रम्प. जेसन जन्मला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, ६ ऑगस्ट १९७५ ला, कारण त्याचे वडील फिल क्रम्प तेव्हा ब्रिटिश लीगमध्ये धावत होते. पण घर व्हिक्टोरियातल्या मिल्ड्युराचं. तुम्ही मेलबर्नहून तिथे मुलाला घेऊन येता, तेव्हा मरे नदीकाठचे द्राक्षमळे पाहिलेच असतील. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे वाळवणीला लावलेली द्राक्षं पाहून मला तासगावची आठवण झाली होती. बेदाण्याच्या या छोट्या गावाने स्पीडवेला फिल क्रम्प दिला, ली अॅडम्स दिला, जेसन लायन्स दिला. १९९९ साली चेक प्रजासत्ताकातल्या पार्डुबिसला ऑस्ट्रेलियाने सांघिक विश्वविजेतेपद जिंकलं, त्या संघात क्रम्प, अॅडम्स आणि लायन्स असे तीन जण याच गावाशी नातं असलेले होते. उरलेले दोघे रायन सलिव्हन आणि टॉड विल्टशर.

या घरातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस मात्र जेसनचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नील स्ट्रीट. स्वतः स्वार, पुढे ऑस्ट्रेलियाच्या संघाचे व्यवस्थापक, पण मुळात कारागीर. सत्तरच्या दशकात बहुतेक स्वार चेकोस्लोव्हाकियाच्या जावा इंजिनवर होते, आणि त्याला दोन व्हॉल्व्ह होते. स्ट्रीटनी त्याच इंजिनावर चार व्हॉल्व्हचं हेड बसवलं. एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन लहान बसवले की हवा आत-बाहेर जायला वाट रुंद होते, प्रत्येक व्हॉल्व्ह हलका होतो, इंजिन जास्त फेरे घेऊनही मोडत नाही. हे आज कुठलाही गॅरेजवाला सांगेल. पण १९७५ साली एका स्वाराने ते स्वतः घडवून जावयाच्या गाडीत बसवलं आणि मोठमोठ्या कारखान्यांना जागं केलं, हे लेथवर काम केलेल्या माणसाला जास्त समजतं. त्याच सुमाराला इंग्लंडच्या वेस्लेकचं चार व्हॉल्व्हचं इंजिनही आलं आणि दोन व्हॉल्व्हचा जमाना संपला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, फिल क्रम्प पोलंडमधल्या विश्व अंतिम शर्यतीत तिसरे आले, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने सांघिक विश्वचषकही जिंकला.

म्हणजे जेसनला घरात काय मिळालं, तर आजोबांकडून इंजिन कसं ऐकायचं ते, आणि वडिलांकडून इंग्लंडमध्ये हंगाम कसा काढायचा ते. या दोन्ही गोष्टी बाहेर विकत मिळत नाहीत. तुमच्या मुलाच्या मागे असं घर नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण त्या दोन गोष्टी त्याला दुसरीकडून मिळवाव्या लागतील, एवढं लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाचं ओझं किती होतं, ते मुलाच्या बाबांना सांगा. हा खेळ १९२३ साली न्यू साऊथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडच्या जत्रेच्या मैदानावर रुजला, असं इथे मानतात. १९२८ मध्ये तो इंग्लंडला गेला. १९३६ साली वेम्बलीवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग जिंकला. त्याच रात्री दुसरा ऑस्ट्रेलियन, ब्लूई विल्किन्सन, आपल्या पाचही हीट जिंकूनसुद्धा तिसरा आला, कारण पात्रता फेऱ्यांतले बोनस गुण एकूण बेरजेत धरले जायचे. त्याने १९३८ मध्ये विजेतेपद मिळवलंच. मग १९५१ आणि १९५२ मध्ये जॅक यंग. आणि त्यानंतर? काहीच नाही. बिली सँडर्स १९८३ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला, पण पहिला क्रमांक कुणालाच मिळाला नाही. बावन्न वर्षं! ज्या देशात हा खेळ वाढला त्या देशाने अर्धं शतक जगज्जेता पाहिला नव्हता. ते २००४ साली क्रम्पने संपवलं.

पण २००४ च्या आधीचा काळ पाहा. १९९५ साली तो २१ वर्षांखालील जगज्जेता झाला. १९९६ मध्ये लंडनच्या हॅकनीत ब्रिटिश ग्रां प्री, म्हणजे जगज्जेता ठरवणाऱ्या मालिकेतली एक रात्र, जिंकली. एकविसाव्या वर्षी! सगळ्यांना वाटलं, आता दोन-तीन वर्षांत पोरगा विश्वविजेता. लागली आठ वर्षं. २००१ मध्ये दुसरा, २००२ मध्ये दुसरा, दोन्ही वेळा स्वीडनच्या टोनी रिकार्डसनच्या मागे. २००३ मध्ये पुन्हा दुसरा, या वेळी डेन्मार्कच्या निकी पेडरसनच्या मागे. सलग तीन वर्षं इतक्या जवळ जाऊन हुकल्यावर माणूस एक तर कडवट होतो किंवा गाडीचा आणि स्वतःचा एकेक भाग उघडून बघतो. क्रम्पने दुसरं केलं. २००४ ला पहिला.

त्या वर्षीचं विजेतेपद अवघड का होतं, हे फक्त आकडे पाहून कळत नाही. १९९८ ते २००४ या काळात ग्रां प्रीची रचना बाद पद्धतीची होती. एका रात्री चोवीस स्वार, प्रत्येक हीटमधले पहिले दोघे पुढे, दोनदा अपयश आलं की घरी. अशा पद्धतीत एका खराब सुरुवातीने, एका चिखलाच्या खड्ड्याने अख्खी रात्र जाते, आणि सगळ्या रात्रींच्या बेरजेवर वर्षाचा विजेता ठरतो. त्यातून सलग चार वर्षं पहिल्या दोघांत राहायचं, म्हणजे खराब रात्री येऊच द्यायच्या नाहीत. २००५ पासून रचना बदलली. प्रत्येकाला पाच हीट, मग उपांत्य, मग अंतिम. क्रम्प या नव्या पद्धतीतही २००६ आणि २००९ मध्ये जिंकला. दोन वेगळ्या पद्धतींत विजेतेपद मिळवणं म्हणजे दोन वेगळे खेळ जिंकल्यासारखं आहे, असं मी मानतो.

आता मुलाच्या बाबांसाठी हिशेब. २००१ ते २०१० या दहा वर्षांत क्रम्प एकदाही पहिल्या तिघांबाहेर गेला नाही. तीनदा पहिला, पाचदा दुसरा, २००७ आणि २०१० मध्ये तिसरा. २००७ मध्ये त्याच्या पुढे दुसरा होता ली अॅडम्स, त्याच मिल्ड्युराचा. या दहा वर्षांत त्याच्यापुढे रिकार्डसन होता, मग पेडरसन आला, शेवटी २०१० मध्ये पोलंडचा टोमाश गोलोब. शत्रू बदलत गेले, क्रम्प तिथेच. एकूण २३ ग्रां प्री त्याने जिंकल्या. बाबांना सांगा, या खेळात हाड मोडलं नाही असं एक वर्षही सहज जात नाही. २००९ च्या हंगामात मध्येच दुखापतीमुळे त्याची एक फेरी हुकली, तरी चौतिसाव्या वर्षी तो गोलोब आणि जेमतेम विशीतला एमिल सैफुतदिनोव या दोघांच्या पुढे जिंकला. म्हणून मी त्याची तीन सुवर्णं मोजत नाही, ती सलग दहा वर्षं मोजतो.

हे जमलं कशावर? तुमच्या मुलाला पोस्टरवर कललेली गाडी आणि उडणारी माती दिसते. मला दिसतो तो टेपपाशी उभा असलेला क्रम्प. शर्यत बहुतेक वेळा पहिल्या वळणाआधीच ठरते. टेप उडताना क्लच किती सोडायचा, मागचं चाक किती फिरू द्यायचं, अंग पुढच्या चाकावर किती टाकायचं. चाक जास्त फिरलं तर गाडी जागेवरच माती उधळते, कमी फिरलं तर पुढचं चाक आकाशात जातं. आणि दर हीटनंतर ट्रॅक बदलतो. आतली माती उडून बाहेरच्या बाजूला जमते, पाण्याचा टँकर फिरला की पुन्हा वेगळं. पिटमध्ये परत आल्यावर चार-पाच मिनिटांत स्वाराने मेकॅनिकला सांगायचं असतं की मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दात्याने बदल, क्लच जरा मऊ कर. जो मुलगा 'गाडी चालत नाही' एवढंच सांगतो, त्याला मी मदत करू शकत नाही. जो सांगतो, 'दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना चाक रिकामं फिरतंय', त्याच्यासाठी मी रात्रभर जागतो.

जाता जाता एक गोष्ट, कारण मला ती फार आवडते. या इंजिनांत पिढ्यान्‌पिढ्या एरंडेल तेल वापरत आलेत. खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही, एरंडेल मिसळतं आणि तापलेल्या इंजिनाला सोडत नाही. स्पीडवेच्या मैदानाचा तो जळका गोडसर वास म्हणजे आजीच्या फडताळातली बाटली. आणि जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती आपल्या भारतात.

आता तुमचा खरा प्रश्न, करिअर. ऑस्ट्रेलियात राहून या खेळावर पोट भरत नाही. हे मी स्पष्ट सांगतो, कारण तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं. पैसा ब्रिटन, पोलंड आणि स्वीडनच्या लीगमध्ये आहे, त्यातही सर्वाधिक पोलंडमध्ये. तिथे रविवारी शहरं मैदानावर लोटतात. क्रम्प मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबसाठी धावला, पोलंडमध्ये व्रोत्सवाफसाठी, आणि शनिवारी ग्रां प्री. आठवड्यात तीन देश, रात्री व्हॅनमध्ये झोप, सकाळी इंजिन धुणं. स्वार क्लबचा पगारी नोकर नसतो. करारात बहुतेक पैसे गुणांवर असतात. गाड्या, इंजिनं, मेकॅनिक, व्हॅन, डिझेल, सगळं त्याने स्वतः बघायचं. मनगट मोडलं की गुण नाहीत, गुण नाहीत की पैसे नाहीत, पण इंजिन जुळवून देणाऱ्या ट्यूनरचं बिल येतच राहतं.

आमच्याकडचा एक गुणी मुलगा अठराव्या वर्षी इंग्लंडला गेला. पहिल्या दोन महिन्यांत चांगले गुण काढले. मग त्याच्या क्लबने पैसे थकवले आणि हंगाम अर्ध्यावर असताना हात वर केले. पोरगा एका ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये गाडीशेजारी झोपत होता. मला फोन करून तो पैशांबद्दल बोललाच नाही. विचारलं काय, तर कॉम्प्रेशन किती ठेवू. तेव्हा मी ओळखलं की हा टिकेल. आज तो तिथेच आहे, मोठा तारा झाला नाही, पण या खेळावर घर चालवतो. असे तारे न झालेले पुष्कळ आहेत, आणि तुमच्या मुलाचं करिअर झालं तर बहुधा असंच असेल. तेही करिअरच आहे.

आणि जोखीम. ही लपवून मी उत्तर पुरं केलं तर माझं मलाच खाईल. डार्सी वॉर्ड २००९ आणि २०१० मध्ये २१ वर्षांखालील जगज्जेता झाला. त्याच्यासारखी गाडी सरकवणारा मी दुसरा पाहिला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडच्या झिएलोना गुरा इथे तो पडला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला. तेव्हा त्याचं वय फक्त तेवीस होतं. ली अॅडम्स इतकी वर्षं ट्रॅकवर सुखरूप राहिला आणि २०११ मध्ये फिंक वाळवंटाच्या शर्यतीच्या सरावात त्याचा मणका गेला. जेसन डॉइल २०१६ मध्ये गुणतक्त्यात सर्वांत पुढे असताना पोलंडमधल्या तोरुनला पडला, हंगाम तिथेच संपला. पुढच्या वर्षी पाय मोडलेला असताना तो धावत राहिला आणि मेलबर्नला विश्वविजेता झाला. लोक डॉइलची गोष्ट सांगतात, कारण ती ऐकायला बरी वाटते. तुम्ही आई आहात, तुम्ही वॉर्डची गोष्टही मुलासमोर ठेवा. ती ऐकल्यावरही तो शनिवारी सकाळी पाच वाजता उठून स्वतःची चेन साफ करत असेल, तर त्याला अडवू नका, असं माझं मत आहे.

वयाचं म्हणाल तर घाई नको. सोळाव्या वर्षापर्यंत १२५ वर राहू दे, मग ५००. मोठ्या गाडीची ताकद चुका झाकते, लहान गाडी त्या उघड्या पाडते. पहिली दोन वर्षं नवं इंजिन घेऊ नका, जुनं घ्या आणि ते त्याला स्वतः उघडायला लावा. क्रम्पला आजोबा होते, तुमच्या मुलाला मी आणि आमच्या पिटमधले दोन-तीन म्हातारे आहोत. मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी रोज तपासा, पडल्यावर इंजिन तत्काळ बंद झालं पाहिजे, मिथेनॉलची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसत नाही. शाळा सोडू देऊ नका. आणि इंग्लंडला जायची वेळ आलीच, तर कमीत कमी एका हंगामाचा खर्च हातात असल्याशिवाय पाठवू नका, मग क्लब कितीही गोड बोलू दे.

क्रम्प स्वतः २०१२ मध्ये थांबला. अंगावरच्या दुखापतींनी त्याला थांबवलं असं म्हणणं सोपं आहे, पण २०२१ मध्ये, पंचेचाळीस उलटल्यावर, तो पुन्हा इंग्लंडमध्ये इप्सविचसाठी टेपपाशी उभा राहिला. त्याला पैशांची गरज होती म्हणून आला असेल असं मला वाटत नाही. टेप उडण्याआधीचे ते दोन सेकंद त्याला हवे होते, असं मला त्याचे व्हिडिओ पाहताना वाटलं.

पुढच्या वेळी मिल्ड्युराला याल तेव्हा मुलाचा डावा बूट घेऊन या. पोलादी तळ कुठे किती झिजलाय ते पाहिलं की वळणात तो पाय नेमका कुठे टेकतो आणि थ्रॉटल कुठे सोडतो, ते मला सांगता येईल. बाकीचं आपण पिटमध्ये उभं राहून बोलू.